सोमवारची पहिली चौकट

वर्तमानपत्रांतल्या जुन्या सुपरहिरो चित्रपट्ट्यांचा जाडजूड खंड हाती आला की बहुतेक जण तो कादंबरीसारखा वाचायला घेतात आणि विसाव्या पानाला जांभई देतात. शनिवारी नायक पुलाला लटकलेला असतो. पान उलटावं तर सोमवारी तो लटकलेलाच, वर आपण का लटकलो आहोत हे फुग्यातून स्वतःलाच सांगतोय.

हा लेखकाचा आळस नव्हे. पट्टीत जागा तीन-चार चौकटींची आणि वाचकाने कालचा पेपर रद्दीत टाकलेला. म्हणून पहिली चौकट उजळणीची, शेवटची उद्याचा पेपर घ्यायला लावणारी. गोष्ट सरकायची ती मधल्या एखाद-दुसऱ्या चौकटीत. त्यात काही पेपर फक्त रोजच्या पट्ट्या विकत घेत, काही फक्त रविवारचं रंगीत पान. दोन्हींत एकच गोष्ट चालू असेल तर रविवारी महत्त्वाचं काही घडवायची सोयच नाही. ३ जानेवारी १९७७ ला सुरू झालेल्या 'स्पायडरमॅन'मध्ये हे फार जाणवतं: शनिवारचा ठोसा रविवारी रंगीत बसतो आणि सोमवारी त्याची चर्चा होते. 'फँटम'चा लेखक ली फॉक याने सरळ वाट काढली. रोजची गोष्ट वेगळी, रविवारची वेगळी. म्हणून फँटमचे दोन्ही प्रकारचे खंड स्वतंत्र निघतात आणि सलग वाचायलाही बरे लागतात.

बाकीच्यांसाठी माप साधं आहे. एका बैठकीला दोन आठवडे, म्हणजे बारा पट्ट्या, आणि खंड मिटायचा. १६ जानेवारी १९३९ ला सुरू झालेल्या 'सुपरमॅन'चे पहिले जवळजवळ दोन आठवडे क्रिप्टॉनवर, म्हणजे त्याच्या जन्मग्रहावरच जातात. हीच जन्मकथा १९३८ च्या कॉमिक बुकात एका पानात उरकली होती. पेपरात तिला श्वास घ्यायला जागा मिळाली, सुपरमॅनच्या आईबापांना नावंही इथेच मिळाली.

गोष्ट जिथे जोडली, वळवली ते सांधे दिसणं हीच या खंडांची खरी चव. 'फँटम' १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाला तेव्हा बुरख्यामागे जिमी वेल्स नावाचा श्रीमंत उनाड तरुण निघणार होता. पट्टी चालू असतानाच फॉकचा बेत बदलला, गोष्ट जंगलात गेली आणि जिमी बिचारा वाऱ्यावर राहिला. रोज वाचणारा त्याला विसरला असेल. खंडात मात्र मागची पानं जागेवरच असतात. फेब्रुवारी १९४२ मध्ये क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, सैन्यात भरती व्हायला जातो आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास होतो, कारण एक्स-रे नजरेने तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचतो. सुपरमॅन आघाडीवर गेला तर युद्ध आठवड्यात संपायला हवं. ते पट्टीला परवडणारं नव्हतं, म्हणून ही पळवाट. एप्रिल १९४५ मध्ये त्याला सायक्लोट्रॉनपुढे, म्हणजे अणुसंशोधनाच्या यंत्रापुढे उभं केलं, तर थेट अमेरिकेच्या युद्धखात्याने हरकत घेतली. अणुबॉम्बचं काम तेव्हा गुपचूप चाललं होतं.

रविवारच्या पानाचा सांधा कात्रीचा. पूर्ण आवृत्ती अर्ध्या पानाची. जागा कमी असलेला पेपर वरची ओळ, म्हणजे शीर्षक आणि पहिल्या एक-दोन चौकटी, उडवून एक तृतीयांश पानात भागवी. चित्रकाराला हे ठाऊक असल्यामुळे त्या चौकटींत तो कथेला आवश्यक असं काही ठेवतच नसे. एखादं आकाश, एखादं दार. ही वरची ओळ आहे की नाही, हे खंड घेताना आधी बघावं. नसेल तर कापलेल्या कात्रणांवरून काम भागवलंय.

मूळ प्रत कुठली, यावर सगळं अवलंबून असतं. सिंडिकेटकडून, म्हणजे पेपरांना पट्ट्या विकणाऱ्या कंपनीकडून आलेली चकचकीत प्रूफं मिळाली तर रेघ केसासारखी येते. पेपरचं कात्रण असेल तर मागची छपाई पुढे डोकावते. स्कॅन करताना पाठीमागे काळा कागद घातला की ती बरीचशी दबते. पिवळेपणा घालवायला कॉन्ट्रास्ट ताणला, की आधी सावलीच्या बारीक रेघा उडतात. नायकाचा चेहरा पिठासारखा पांढरा दिसला तर समजावं, कुणीतरी माउस जरा जोरात ओढलाय. सर्वांत वाईट मायक्रोफिल्म, म्हणजे पानांचे फिल्मवर काढलेले बारीक फोटो: रंग जातात, काळा भाग गचाळ होतो. दुर्दैव असं, की फिल्म काढून झाल्यावर अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी मूळ पेपरच मोडीत काढले. ते वाचवायला बिल ब्लॅकबर्ड नावाच्या गृहस्थाने १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत चक्क एक संस्था नोंदवली, कारण खासगी माणसाला ग्रंथालयं गठ्ठे देईनात. १९९८ मध्ये तो संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठात गेला तेव्हा पंचाहत्तर टन भरला. रद्दीवाल्याच्या काट्यावर नसता मावला.

मराठी वाचकाला फँटम भेटला तो वेताळ म्हणून, १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून, आणि त्यामागेही हीच कात्री होती. आडव्या पट्ट्या उभ्या पानात बसवायच्या म्हणजे चौकटी वाढवायच्या, कडा छाटायच्या, काही थेट गाळायच्या. उजळणीची चौकट अर्थातच पहिली गेली. फुगे पुन्हा लिहिले गेले, फँटमच्या देशाचं, बेंगालाचं डेंकाली झालं, चाच्यांच्या सिंग टोळीचं सिंगा झालं. कारणं उघड आहेत.

म्हणून वेताळ तोंडपाठ असलेल्याने मूळ पट्ट्यांचा खंड उघडला, की पहिली काही पानं चुकल्याचुकल्यासारखं होतं. गोष्ट ओळखीची, पण चाल संथ. झाडाची अख्खी फांदी दिसते, तिच्यावरचं माकड दिसतं, आणि वेताळाचा पोशाख काळा-पांढरा. जांभळा रंग त्याला १९३९ च्या मे महिन्यात रविवारच्या पानावर चढला. फॉकच्या मनात करडा होता.