टर्नटेबलची हिरवी तार

जुने टर्नटेबल (तबकडी वाजवण्याचे यंत्र) आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्याचे काम मी पुण्यात करतो. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांचा एके दिवशी फोन आला. रेडिओ स्वच्छ ऐकू येत होता; तबकडी लावली की मात्र दोन्ही स्पीकरमधून जाड गुणगुण येत होती. त्यांच्याकडच्या जुन्या ख्यालाच्या तबकडीत गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा, काळी एक होती. या पट्टीत तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सूर, सुमारे 69 हर्ट्झवर असतो, आणि विजेची गुणगुण 50 व 100 हर्ट्झवर, म्हणजे त्याच्या अगदी शेजारी. "खर्ज ऐकूच येत नाही हो," हे त्यांचे वाक्य माझ्या मनात राहिले.

त्यांच्या घरी पोचल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती टर्नटेबलच्या मागून निघालेली हिरवी तार. तिचे टोक ॲम्प्लिफायरला न लावता ती लांबवून भिंतीतल्या थ्री पिन सॉकेटच्या मोठ्या भोकात खोचलेली होती. वायरमनने ते केले होते, आणि त्याची चूक मला समजण्यासारखी वाटली, कारण घराच्या वायरिंगमध्ये हिरवी तार म्हणजे अर्थिंग. परंतु टर्नटेबलच्या या तारेचा जमिनीशी संबंध नसतो. टोनआर्मचा (सुई धरणाऱ्या दांड्याचा) आणि चासीचा (यंत्राच्या सांगाड्याचा) धातू ॲम्प्लिफायरच्या सिग्नल ग्राउंडला जोडणे, म्हणजे त्या धातूने कार्ट्रिजच्या (सुईची कंपने विजेत बदलणाऱ्या भागाच्या) नाजूक तारांभोवती कवच व्हावे, एवढेच तिचे काम असते.

हे कवच का लागते, ते आकड्यांत सांगतो. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून जेमतेम 5 मिलिव्होल्ट निघतात. ॲम्प्लिफायरचा फोनो विभाग, म्हणजे टर्नटेबलचा सिग्नल वाढवणारा भाग, 1000 हर्ट्झचा स्वर साधारण 100 पट वाढवतो, आणि तबकडी कापताना मुद्दाम कमी केलेला खर्जाचा भाग भरून काढायचा असल्याने 50 हर्ट्झ त्याच्याही सातपट, म्हणजे जवळजवळ 700 पट वाढतो. त्यामुळे तारेत शिरलेली विजेची किंचितशी गळतीही मोठी होऊन स्पीकरपर्यंत पोचते.

मी तार सॉकेटमधून काढली आणि तिच्या मोकळ्या टोकावरचा चिमटा ॲम्प्लिफायरच्या मागच्या जीएनडी (ग्राउंड) लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट बसवला. गुणगुण जवळजवळ नाहीशी झाली. काम इथे संपले असते. पण त्या भोकात नेमके काय होते, हे पाहिल्याशिवाय निघणे मला पटले नाही.

मल्टिमीटरने मोजले, तर फेज (वीज आणणारी तार) आणि अर्थ यांच्यात 230 व्होल्ट, म्हणजे वरवर सगळे ठीक. न्यूट्रल (विजेची परतीची तार) आणि अर्थ यांच्यात मात्र अगदी शून्य. काकांना, म्हणजे त्या शिक्षकांना, त्याच लाइनवरचा गीझर लावायला सांगितला, तरीही शून्यच. भार पडला की न्यूट्रलच्या तारेत थोडा व्होल्टेज पडतो आणि खऱ्या अर्थिंगशी तुलना करता तो मीटरवर दिसतो; इथे तो दिसत नव्हता. मेन स्विच बंद करून सॉकेट उघडले, तेव्हा आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडलेले होते. मुळापासून अर्थिंगची तार आलेलीच नव्हती.

याचा अर्थ इतके दिवस टोनआर्म थेट न्यूट्रलला जोडलेला होता. मागे कुठे न्यूट्रल तुटला असता, तर त्या लाइनवरच्या चालू उपकरणातून फेज याच वाटेने आला असता आणि काका रोज बोटाने उचलतात त्या आर्मवर पोचला असता. हे त्यांना सांगताना मला घाम आला होता.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी परवानाधारक वायरमन बोलावला. त्याने तो तुकडा काढून टाकला आणि मीटरच्या बोर्डापासून वेगळी अर्थिंगची तार ओढली. मी पुन्हा जाऊन गीझर लावून मोजले: न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात 1.8 व्होल्ट. मग काकांनी तीच तबकडी लावली, आणि गायकाने स्वर लावण्याआधीचा तानपुरा आम्ही दोघांनी उभ्यानेच ऐकला.