तुम्ही विचारलंत म्हणून: तीनच चाकं का?

"चौथं चाक कुठे पाडलंत?" हा माझ्या लेकीच्या तीनचाकी बाबागाडीवरचा, आमच्या सोसायटीतला सगळ्यात जुना विनोद. त्याखालोखाल "मीटर पाडलं का?" आणि "डहाणूकर कॉलनीला सोडणार का?" यांना मी हसून सोडून देतो. पण काहीजण थांबतात, बाबागाडीच्या पुढच्या चाकाकडे बघतात आणि मनापासून विचारतात, "पण तीनचाकीच का घेतलीत? चारचाकी जास्त स्थिर असते ना? शिवाय स्वस्त, हलकी..." मग त्यांची नजर माझ्या डाव्या हातावर जाते आणि वाक्य तिथेच लोंबकळत राहतं. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे केलंय. राग नाही. पण जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजी घेताना तेच ते सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहितो.

हाताचं तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांच्यापुरतं: लग्नाआधी बाइकवरून पडलो, मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला, मानेतून हातात उतरणाऱ्या नसा गेल्या. ऑपरेशननंतर कोपर थोडं वाकतं. बोटांत पकड नाही. तेवढं पुरे.

आता प्रश्न. चारचाकी जास्त स्थिर असते का? असते. वाद घालत नाही. वळणावर रिक्षा एका बाजूने कशी उचलते ते पुण्यात जन्माला आलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. टेकलेल्या तीन चाकांचा जो त्रिकोण होतो, त्याच्या आत वजन असेपर्यंत सगळं ठीक. फुटपाथवरून तिरकं उतरताना मागचं एक चाक आधी खाली गेलं आणि त्याच वेळी पोरीला कुत्रं दिसून ती त्या बाजूला वाकली, तर वजन त्रिकोणाबाहेर जातं. म्हणून मी तिरका उतरत नाही. गाडी फिरवून घेतो, आधी स्वतः उतरतो, मग मागची दोन्ही चाकं एकदम उतरवतो. मागून हॉर्न वाजतात. वाजोत.

मग घेतली कशाला? तर एका हाताने ढकलता येते म्हणून. उत्तर एवढंच आहे, पण ते दिलं की लोक "हां हां, बरोबर" म्हणून घाईने विषय बदलतात, त्यामुळे पुढचं कधी सांगताच येत नाही.

छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या गाड्या तुम्ही पाहिल्यात. त्यांना दोन सुट्या मुठी असतात. उजव्या मुठीवर जोर दिला की गाडी डावीकडे पळते. ती सरळ ठेवायला दुसरा हात लागतो. ही रचना ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्याची, १९६५ ची. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला माणूस. निवृत्तीनंतर नातीची जडशीळ गाडी पाहून त्याने ॲल्युमिनियमची, तीन किलोच्याही आतली गाडी केली. आजोबांना नात उचलून न्यायची होती, त्यांनी उचलण्याचा प्रश्न सोडवला. तीनचाकीची गोष्ट वेगळी. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी फिल बेक्लर नावाच्या बापाला तान्ह्या मुलाला घेऊन पळायला जायचं होतं. त्याने १९८४ मध्ये गाडीला सायकलची चाकं लावली. मोठी, हवा भरलेली चाकं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दांडा. मी पळत नाही. पण त्या सलग दांड्याच्या मधोमध एक हात ठेवला की गाडी सरळ जाते, आणि मनगट जरा वळवलं की वळते. पळणाऱ्यांसाठी केलेली सोय माझ्या कामी आली.

हे सगळं मला नंतर कळलं. गाडी ठरली ती दुकानात, आणि तो दिवस मला अजून पचलेला नाही.

दुकान मोठं, एसी, फरशी आरशासारखी. त्या फरशीवर कुठलीही गाडी करंगळीने ढकलली तरी जाते. सेल्समन पंचविशीचा, तोंडाने गोड. तो पहिल्या मिनिटापासून बायकोशी बोलत होता. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर तिला मिळायचं. "मॅडम, ह्यात बाटली ठेवायला जागा आहे. मॅडम, ह्याचं कापड धुता येतं." लेक तिच्या कडेवर, माझ्या चष्म्यासाठी हात पुढे करून. मी म्हटलं, रिकाम्या गाडीचं काही कळत नाही, आत वजन हवं. तो म्हणाला, बेबीला बसवा की सर. मी म्हटलं, गाडी पडते का तेच तर बघायचंय, बेबीला कशाला बसवू? बाजूच्या किराणा दुकानातून आट्याच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या आणल्या आणि गाडीत बसवल्या.

पाच टोकांचा पट्टा कधी लावलाय? दोन पट्टे खांद्यावरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून. खांद्याच्या पट्ट्याची चिप आधी कमरेच्या चिपमध्ये सरकवायची, ती जोडी सुटू न देता मधल्या बकलात खुपसायची, मग दुसऱ्या बाजूची. दोन हातांच्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. मी गुडघ्याने बकल वर दाबून धरतो, अंगठा आणि तर्जनीत चिपांची जोडी पकडतो आणि टक् आवाज येईपर्यंत ढकलतो. एकेका बाजूने. दुकानात पहिल्यांदाच केलं, वेळ लागला, पण झालं. आटा हलत नव्हता ही एक सोय. बाकी गिऱ्हाइकं खेळण्यांच्या मांडणीआडून बघत होती.

मग म्हटलं, बाहेर फुटपाथवर नेऊ द्या. नियम नाही म्हणाले. मॅनेजर आले, बायकोकडे बघून हसले आणि हो म्हणाले. बाहेर पेव्हर ब्लॉक, त्यातले दोन खचलेले, पुढे चेंबरचं वर आलेलं झाकण. चारचाकीची पुढची छोटी चाकं पहिल्याच फटीत अडकून आडवी झाली. दुसऱ्या चारचाकीला सलग दांडा होता, ती बरी चालली, पण झाकणापाशी तिलाही उचलून घ्यावं लागलं. एका हाताने ढकलता येतं, पण उचलताना गाडी तिरकी होते आणि आतला आटा एका बाजूला कलंडतो. तीनचाकी झाकणावरून गेली. पुढचं चाक चढलं, मागची मागोमाग चढली. इतकंच. पण मला घाम फुटला होता आणि त्या क्षणी हसू आलं.

खरी परीक्षा मिटण्याची. आम्हाला रिक्षाने जावं लागतं, गाडी मिटता यायलाच हवी. सेल्समनने दाखवलं: दोन्ही बाजूंची बटणं एकाच वेळी दाबायची, खाली ढकलायचं, झालं. गाडी चुकून मिटू नये म्हणून बटणं अशी लांब लांब असतात, त्यात त्याचा दोष नाही. मी विचारलं, एका हाताने? तो म्हणाला, "एका हाताने कशाला सर? मॅडम आहेत ना."

मी करून बघितलं. एक बटण हाताने, दुसरं गुडघ्याने. हाताचं दाबलं की गुडघ्याचं सुटायचं. दुसऱ्या गाडीवर कोपराने बघितलं. ती अर्धी मिटली आणि अंगठ्याच्या मुळाशी कातडी चिमटली. एव्हाना एक आजी, एक जोडपं आणि दुकानाची झाडूवाली मुलगी उघडपणे बघत उभी होती. सेल्समन पुढे झाला आणि माझ्या हातातून दांडा घेत म्हणाला, "द्या सर. तुम्हाला नाही जमणार." तो वाईट वागत नव्हता, त्याला माझी दया आली होती. बायको म्हणाली, "त्यांना जमेल. तुम्ही बाजूला व्हा."

मला त्या पोराचा राग नाही आला, तिचा आला. तिने 'जमेल' म्हटल्यावर आता ते जमवणं मला भाग होतं, आणि बघायला माणसं उभी होती. हे तिला मी त्या रात्री सांगितलं. ती म्हणाली, मग काय म्हणायला हवं होतं? त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

फुटपाथवर नेलेली ती तीनचाकी कोपऱ्यात उभी होती. तिच्या सीटच्या मध्यभागी एक पट्टा होता. आटा काढला, पट्टा ओढला आणि गाडी मधोमध दुमडली. सेल्समन म्हणाला, "ही जड आहे हं सर, बारा किलोच्या आसपास जाते. आणि मागून रुंद आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी "हीच द्या" म्हटलं. किंमत ऐकून बाबा अजून म्हणतात, तेवढ्यात जुनी ॲक्टिवा आली असती.

त्या जडपणाचं आणि रुंदीचं काय झालं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल फक्त कौतुकच सांगतो. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपाशी पोचायला चार पायऱ्या आहेत, उतार नाही. रिकामी गाडी मी पाठीमागे चालत, मोठ्या चाकांवर एकेक पायरी वर ओढतो. पोर आत असली की वॉचमन काकांना हाक मारतो, ते पुढून उचलतात. लिफ्टच्या दाराला मागची चाकं घासून रंग गेलाय, त्यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली. फुटपाथवर दुचाक्या येऊ नयेत म्हणून जे खांब रोवलेत, त्यांच्यातून स्कूटर जाते आणि माझी गाडी अडकते. मग मी रस्त्यावर. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेत फुटपाथची कड १५० मिलिमीटरहून उंच नसावी असं लिहिलंय, म्हणजे सहा इंच. आमच्या बाजूला टेप घेऊन या कधीतरी.

पंक्चरचं मात्र उगीच घाबरवू नका. टेकडीच्या पायथ्याशी काटे लागतात, लागू देत. ट्यूब साडेबारा इंची, लहान मुलांच्या सायकलीला लागते तीच. वॉल्व्ह मोटारसायकलचा. पंक्चरवाला घमेल्यात बुडवून बुडबुडे बघतो, घासतो, ठिगळ लावतो. फक्त हवा भरताना त्याला टायरवरचा आकडा दाखवावा लागतो, कॉम्प्रेसरने एवढीशी ट्यूब डोळ्याचं पातं लवेपर्यंत टणक होते.

"झोळी बांध ना पोटाशी" म्हणणाऱ्यांनो, ती बांधायला कोणीतरी लागतं, आणि पट्टा त्याच खांद्यावर येतो. उतारावर गाडी सुटू नये म्हणून दांड्याला मनगटाचा पट्टा असतो, तो त्या 'रिकाम्या' हातात का अडकवत नाही, असंही एकाने सुचवलं. त्या खांद्याला हिसका बसला की काय होतं ते मला माहीत आहे. पट्टा उजव्या मनगटातच राहणार.

अपघातानंतर वर्षभर मी जसा होतो, त्याला ही गाडी अजिबात पटली नसती. कोणी दार धरून उभं राहिलं तरी त्याचं डोकं फिरायचं. तो म्हणाला असता: स्वतःचं स्वतः करायला म्हणून अशी गाडी घेतलीस, जिच्यापायी दिवसातून दोनदा वॉचमनला हाक मारावी लागते. हलकी घेतली असतीस तर बायको बरोबर असताना तरी कोणाला हाक मारायला लागली नसती. मुद्दा बिनतोड आहे. मी त्याला सांगतो की चार पायऱ्यांपुरती हाक मारली की पुढचा तासभर मी आणि पोरगी, दोघंच. हवं तिथे वळायचं, थोरात उद्यानापर्यंत जायचं, फुगेवाल्यापाशी थांबायचं, कोणी बरोबर नको. तो म्हणतो, म्हणजे मदत तुला चालते, फक्त बायकोची चालत नाही. इथे मी गप्प बसतो. मग सुचतं की त्याला तर कोणाचीच चालत नव्हती. त्याने मला अक्कल शिकवू नये.

परवा मेहुण्याचा फोन आला, त्यांच्याकडे पहिलंच बाळ आहे. "दाजी, तुमचीच कुठली ती सांगा." मी म्हटलं, तुझं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोन्ही हात धड. हलकी चारचाकी घे, सीट पूर्ण आडवी होते का तेवढं बघ, तान्ह्याला सहा महिने बसवायचं नसतं. तो म्हणाला, पण तुमची भारी दिसते. काल त्याने तीनचाकीच आणली. आज विचारत होता, ही जिन्यातून वर कशी न्यायची.