ग्रिन्योलिनोची टाकी आणि पाचवा दिवस

निफाडला आमच्या बागेत बिनबियांच्या थॉमसन द्राक्षाच्या मण्यात एखादी कडक बी लागली तरी व्यापारी तोंड वाकडं करायचा. वडील त्याला आणखी एक घड तोडून द्यायचे, बघा बघा म्हणत. आता मी ज्या द्राक्षावर पोट भरते, त्याचं नावच बियांवरून पडलंय. ग्रिन्योलिनो. इटलीतल्या आस्तीकडच्या बोलीत 'ग्रिन्योले' म्हणजे बिया. एका मण्यात तीन-चार सहज निघतात. वडिलांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग लावतात कशाला?"

आस्ती ज्या प्रांतात येतं तो पिएमोंते म्हटला की लोकांना बारोलो आठवते. नेब्बियोलो द्राक्षाची ती वाइन ३८ महिने, त्यातले १८ लाकडात, ठेवल्याशिवाय विकता येत नाही आणि तिची ऐटही तशीच. बार्बेरा रोजच्या जेवणाची. आंबट, गडद, टॅनिन म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य कमी, आपली चूक झाली तरी सांभाळून घेणारी. ग्रिन्योलिनो काही सांभाळून घेत नाही. एकाच घडात पिकलेला मणी, त्याला चिकटून गुलाबी आणि त्याच्यामागे हिरवा. वाइनचा रंग कोकम सरबतासारखा फिका, कडेला केशरी झाक. बघणाऱ्याला वाटतं हलकीफुलकी असेल. घोट घेतला की सुपारी चघळल्यासारखं तोंड आवळतं.

हंगामात वाइनच्या तळघरातलं आमचं काम म्हणजे मुख्यतः पाणी मारणं. टाक्या धुवा, पाइप धुवा, पंप धुवा, पुन्हा टाक्या धुवा. बोटं काळी पडतात ती नाताळपर्यंत. हात लावून करण्याजोगं खरं काम दिवसाकाठी तासभर असतं आणि ग्रिन्योलिनोच्या बाबतीत तो तास बियांचा असतो.

टाकीत रस आंबायला लागला की साली वर येऊन जाड टोपी धरतात, बिया सुटून तळाशी बसतात. सालीतला रंग लवकर उतरतो, बहुतेक चार-पाच दिवसांत. बीचं टॅनिन मेणासारख्या थराआड दडलेलं असतं. अल्कोहोल वाढलं की तो थर सुटतो आणि कडवट तुरटपणा वाइनमध्ये उतरू लागतो. म्हणून आम्ही रोज रस जाळीतून दुसऱ्या टाकीत काढतो, खालचा नळ उघडून बिया वाहू देतो आणि रस पुन्हा टोपीवर सोडतो. बिया पत्र्यावर पडतात तेव्हा तांदूळ निवडताना सुपात वाजतात तसा आवाज होतो. पन्नास हेक्टोलिटरच्या, म्हणजे पाच हजार लिटरच्या त्या टाकीतून पाचव्या दिवसापर्यंत मी अकरा बादल्या बिया काढल्या होत्या. बादल्या मोजणारी तळघरात मी एकटीच, हेही सांगून टाकते.

पाचव्या दिवशी सकाळी आमच्या वाइन-सल्लागारांचा फोन आला. ते वीसेक तळघरं सांभाळतात, हंगामात बहुतेक फोनवरूनच. उत्तरेकडच्या एका आयातदाराने आदल्या वर्षीची आमची बाटली उघडून विचारलं होतं, ही रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, आहे का? म्हणून आता हुकूम आला, "अजून दोन दिवस सालींवर ठेव, तापमान अठ्ठावीसवर ने, रंग येईल." रंग येणार नाही, बियाच बोलतील, असं मला म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "बरं."

आस्तीच्या ग्रिन्योलिनोत नियमाने दहा टक्क्यांपर्यंत फ्रेइझा हे दुसरं द्राक्ष चालतं, जुन्या लोकांची ती रंगाची युक्ती. पण आमची फ्रेइझा अजून वेलीवरच होती. मालक बार्बेराच्या मळ्यात, फोन उचलत नव्हते.

तळघरात उरले नोनो. वय शहात्तर, पेन्शन चालू, तरी रोज सात वाजता हजर. नोनो म्हणजे आजोबा. त्यांचं खरं नाव मला पहिले दोन हंगाम माहीत नव्हतं. ते रस चाखत नाहीत. नळाखाली तळहात धरतात, पाच-सहा बिया उचलतात, दाढेखाली फोडतात. तपकिरी बी फुटाण्यासारखी तडकते, हिरवी नुसती दबते आणि घशापर्यंत कडू करते. त्या दिवशी त्यांनी दोनदा चावून बघितल्या. दुसऱ्यांदा थुंकून टाकल्या.

"बास्ता," म्हणाले. आमचं 'बास'च की.

मी त्यांना फोनबद्दल सांगितलं नाही.

संध्याकाळी टाकी रिकामी केली. चोथा प्रेसमध्ये घातला, दाब एक बारच्या वर जाऊ दिला नाही. पातेल्याच्या तळाचं खरवडायची सवय असलेल्या माणसाला जिवावर येतं, पण शेवटचा रस वेगळा काढला. रात्री अकराला जमीन धुऊन घरी गेले आणि झोप छान लागली. आता त्या झोपेचीच जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सल्लागार स्वतः आले. रिकामी टाकी बघून त्यांनी मला विचारलं, "कोणी सांगितलं?"

"नोनो म्हणाले," मी म्हणाले.

नोनो पाच हातांवर पाइप घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हो. मीच म्हणालो."

सल्लागार मग जुन्या लोकांवर घसरले. यांच्यामुळेच ग्रिन्योलिनो जगात पोचली नाही, वगैरे. (या टेकड्या २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या तेव्हापासून इथे फोटो काढणाऱ्यांना तोटा नाही, पेल्यातला रंग आपापल्या जागी बरोबर असू शकतो, हे मात्र कुठल्याच फलकावर नाही.) नोनो ऐकत होते आणि आधीच स्वच्छ असलेल्या कोपऱ्यावर पाणी मारत होते.

त्यांना फोनचं ठाऊक असतं तर ते "बास्ता" म्हणाले असते का? माझ्या मते म्हणाले असते. पण मी विचारलंच नाही. बिघडलं असतं तर नाव त्यांचं आणि जमलं तर हात माझा, अशी सोय मी टाकीचा नळ उघडण्याआधीच करून ठेवली होती.

जमलं. वाइनला गुलाबाचा आणि पांढऱ्या मिरीचा वास आला, तुरटपणा जिभेवर थांबतो पण ओरबाडत नाही. आयातदाराने तरी मागणी निम्म्यावर आणली, बार्बेरा मात्र पूर्ण घेतली. उरलेल्या बाटल्या आस्तीतल्या खानावळींनी बान्या काउदाबरोबर संपवल्या. लसूण आणि खारवलेल्या मासळीच्या त्या गरम तेलापुढे गडद वाइन बोजड होते. मालकांनी चार लोकांत माझी पाठ थोपटली. नोनो तिथेच पाव मोडत बसले होते. मी तेव्हाही काही बोलले नाही.

या हंगामात टाकीवर खडूने माझं नाव लिहिलं होतं. पाचव्या सकाळी मी नळाखाली हात धरला आणि बियांनी भरलेली ओंजळ नोनोंपुढे केली. आदल्या वर्षीच्या फोनचं सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "माहितीये. सल्लागाराने तेव्हाच सांगितलं होतं."

मग बिया माझ्याकडे परत सरकवल्या. "तू चाव."