क्वेरी नंबर १७

मंगळवार, रात्री अकरा

पाऊस दिवसभर, पण लाइट गेली नाही. एवढं एक बरं झालं.

सकाळी लॅपटॉप उघडला तर लेखकाचं उत्तर येऊन पडलेलं. क्वेरी नंबर १७. शोधनिबंध छापायच्या आधी त्यांची भाषा तपासणं हे माझं काम; शंका आली की लेखकाला विचारायचं, ती क्वेरी. मी विचारलं होतं: तक्त्यात रुग्णांची बेरीज ९८ होते, मजकुरात १०० लिहिलेत, बरोबर आकडा कुठला? उत्तर आलं, 'ओके.' चहा घेणार की कॉफी, असं विचारल्यावर 'हो' म्हणणारे पाहुणे असतात, तशातला प्रकार. प्रूफ परत करायला लेखकाला ४८ तास असतात, ते संपलेले. शीटवर माझ्या नावापुढची चौकट लाल झाली. त्याच्या 'ओके'चं लाल माझ्या खात्यात. पुन्हा मेल टाकला.

बाबा शेजारी पेपर वाचत होते. इथे कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका प्रेसमध्ये त्यांनी तीस वर्षं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले. लग्नपत्रिका, दूध संस्थांचे अहवाल, निवडणूक आली की हँडबिलं. प्रूफात चूक दिसली की चिमट्याने खिळा उपसायचा, दुसरा बसवायचा, संपलं. मी एवढ्या मोठ्या कंपनीत, जगभरातल्या शास्त्रज्ञांचे लेख माझ्या हाताखालून जातात, आणि मी नुसता विचारत बसतो, हे त्यांना अजून पटलेलं नाही. ''चूक दिसतीया न्हवं? मग बदल की.''

बदलता येत नाही ना. स्वल्पविराम माझा, संदर्भसूचीतली टिंबं माझी, स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन तेही माझं. अर्थाला हात लावायचा नाही. तिथे फक्त 'कृपया तपासावे'. सहा वर्षांत असे किती हजार 'कृपया तपासावे' लिहिले असतील. आता आईच्या किराणा यादीत 'तेल' दिसलं तरी हात शिवशिवतो: शेंगतेल की सरकी?

दुपारी एका लेखाच्या पुरवणी तक्त्यात जनुकांच्या रांगेत मधेच '२ सप्टेंबर' सापडलं. हा जुना पाहुणा. 'सेप्ट २' नावाचं जनुक एक्सेलमध्ये टाईप केलं की एक्सेल त्याची तारीख करतं. 'मार्च १'चंही तेच. इतक्या लेखांत ही घाण शिरली की मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये त्या जनुकांची नावंच बदलली. सेप्टचं सेप्टिन केलं. बाबांना सांगितलं तर खो-खो हसले. ''म्हंजे मास्तर सुधरंना म्हणून पोराचं नाव बदललं व्हय?''

सगळंच हसण्यासारखं नसतं. तीनेक वर्षांपूर्वी एक लेख आला होता, त्यात स्तनाच्या कर्करोगाला चक्क 'उराचं संकट' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. कृत्रिम बुद्धिमत्तेला 'नकली जाणीव'. दुसऱ्याचा मजकूर उचलायचा, सॉफ्टवेअरकडून त्याचे समानार्थी शब्द करून घ्यायचे, म्हणजे चोरी पकडणाऱ्या यंत्राला काही दिसत नाही. अशा शब्दांचा माग काही संशोधकांनी २०२१ मध्ये काढला होता, मी ते वाचलं होतं. म्हणून वर कळवलं. उत्तर आलं, तुमचं काम भाषेचं, मजकुराचं बघणारे वेगळे आहेत, फाईल वेळेत पुढे सोडा. सोडली. लेख छापून आला. वर्ष-दीड वर्षाने मागे घेतला; आता प्रत्येक पानावर तिरका लाल शिक्का आहे. उघडून बघितला एकदा. स्वल्पविराम सगळे जागच्या जागी.

त्या दिवशी नोकरी सोडायची असं ठरवलं होतं. एक तारखेला पगार झाला, विषय मागे पडला. खोटं कशाला लिहू.

पैशाचं गणित मला आत राहूनही नीट पचत नाही. लेख तपासणारे प्राध्यापक बहुतेक फुकट तपासतात. लेख सगळ्यांना खुला हवा असेल तर लेखकाने कित्येकदा दोन-तीन हजार डॉलर भरायचे, नाहीतर वाचणाऱ्याने. केंद्राने वाचणाऱ्यांच्या वतीने पैसे भरणारी 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना आणली, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. मामेभाऊ शिवाजी विद्यापीठात पीएचडी करतोय, तो २०२५ पासून खुशीत आहे. पण योजना सरकारी संस्थांपुरती. गडहिंग्लजकडे खाजगी विनाअनुदानित कॉलेजात शिकवणारा माझा वर्गमित्र अजून मलाच मेसेज करतो, ''भावा, तेवढी पीडीएफ बघ की.'' देता येत नाही. पुढचे दोन दिवस त्याचा मेसेज उघडायला जड जातं.

तरी काम आवडतं, हेही आहेच. एका दिवसात वटवाघळं, काँक्रीटला जाणारे तडे आणि कुठल्याशा बेटावरच्या शेळ्या. एरवी रंकाळ्यावर फिरताना हे कोण सांगणार होतं मला!

संध्याकाळी सहाला १७ नंबरचं उत्तर आलं, या वेळी नीट. रुग्ण १०० च होते, पण दोघं शेवटच्या तपासणीला परत आलेच नाहीत, ते लिहायचं राहून गेलं. म्हणजे तक्ताही बरोबर आणि मजकूरही. मी '१००' खोडून '९८' केलं असतं तर ती दोन माणसं लेखातूनच गेली असती. लेखकाने दिलेली ओळ घातली, फाईल चेन्नईला पाठवली. पानं लावणारा तिथे बसतो. चार वर्षं रोज बोलतो आम्ही, चेहरा पाहिलेला नाही.

जेवताना बाबांना सगळं सांगितलं. भाकरी मोडता मोडता ऐकत होते. दोन रुग्णांबद्दल काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ''ओळ वाढली म्हंजे पान सरकलं असंल.''

सरकलंय. आकृती ३ पुढच्या पानावर गेली. चेन्नईचा मेल आत्ताच आलाय.