चिपीचं विमान आणि आईचे काजू
आईला आता दादर स्टेशनचा ब्रिज चढवत नाही, त्यामुळे मुंबईहून गावाकडे, सिंधुदुर्गातल्या चिपी एअरपोर्टला जाणारं विमान म्हणजे आमच्या घरात लॉटरीच लागली होती. 9 ऑक्टोबर 2021ला एअरपोर्टचं उद्घाटन झालं, आणि पुढच्या सीझनला आई ओल्या काजूंची पिशवी मांडीवर घेऊनच परत आली, खाली ठेवायला तयार नाही! पण उडान योजनेतली (छोट्या शहरांच्या स्वस्त विमानसेवेसाठीची सरकारी योजना) सबसिडी 3 वर्षांचीच, ती संपली की छोट्या रूटवर कंपनीला परवडेलच असं नाही, मग काय, 2024ला मुंबईची फ्लाइट बंद झाली. मग गोव्यातल्या मोपा एअरपोर्टला उतरायचं म्हणजे कुडाळपर्यंत वेगळी टॅक्सी, भाडं ऐकून आई म्हणाली, "त्यापेक्षा कोकणकन्येनेच जाते गो मी." गणपतीचं तिकीट अजून वेटिंगवरच आहे.