व्हॅलेटाला निघाले आणि बँकेच्या शिक्क्यापाशी अडले

माल्टाला, म्हणजे तिथली राजधानी व्हॅलेटाला, जायचं ठरल्यावर मी सगळ्यात आधी हाल साफ्लिएनी हायपोजियमचं तिकीट काढलं. पाच हजार वर्षांपूर्वी खडकात कोरलेली ही भूमिगत दफनभूमी. दिवसाला फक्त 80 जणांना आत सोडतात, म्हणून तिकीट दोन महिने आधीच घेतलं. तारीख पक्की, पैसे परत नाहीत. आणि व्हिसा अजून व्हायचा होता!

विमान, हॉटेल, तीस हजार युरोंचा विमा हे सगळं दोन संध्याकाळींत झालं. मुंबईच्या व्हिसा केंद्रात खिडकीवरच्या मुलीने स्टेटमेंट चाळलं आणि म्हणाली, “यावर बँकेचा सही-शिक्का नाही. हे चालणार नाही.”

पुण्याला परत. शाखेत उत्तर मिळालं, “मॅडम, आता सगळं ऑनलाइन असतं, आम्ही शिक्का मारत नाही.” दुसऱ्या दिवशी मॅनेजर ट्रेनिंगला. तिसऱ्या दिवशी शिक्का मिळाला, पण फक्त शेवटच्या पानावर, आणि सहीखाली नाव नाही की हुद्दा नाही. माझ्याच खात्याचा माझाच हिशोब, एकोणीस पानं! चौथ्या दिवशी मी टेबलासमोर बसूनच राहिले आणि एकेक पान पुढे सरकवत गेले. वीस मिनिटांत काम झालं. वीस मिनिटांच्या कामासाठी चार दिवस! याचा राग अजून गेलेला नाही.

पुढची अपॉइंटमेंट नऊ दिवसांनी मिळाली. पासपोर्ट हातात आला तेव्हा विमानाला चार दिवस उरले होते. शेंगेन व्हिसाचा (माल्टासह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा माझ्यासारखी घाई करू नका. आणि शिक्का प्रत्येक पानावर मागून घ्या.

तर अखेर व्हॅलेटा. 1565 च्या तुर्की वेढ्यातून वाचल्यावर सेंट जॉनच्या नाइटांनी, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाने, पुढच्याच वर्षी या शहराची पायाभरणी केली. सरळ आखलेले रस्ते, त्यातले कित्येक पायऱ्यापायऱ्यांनी थेट समुद्राकडे उतरणारे. मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड आणि त्यावर हिरव्या-लाल रंगांचे बंद लाकडी सज्जे. संध्याकाळच्या उन्हात मी नुसती चालत राहिले.

सेंट जॉन कॅथीड्रलला रविवारी जाऊ नका, पर्यटकांना बंद असतं. बाहेरून अगदी साधं. आत गेलं की मात्र भिंतीभर सोनेरी नक्षी. टोकदार टाचांच्या चपलांना मनाई आहे, कारण पायाखाली जवळजवळ 400 नाइटांच्या थडग्यांवरच्या रंगीत संगमरवरी शिळा आहेत. बाजूच्या दालनात इटालियन चित्रकार काराव्हाज्योचं 1608 चं ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि ती सही संताच्या गळ्यातून सांडलेल्या रक्तात आहे. मी तिथे चाळीस मिनिटं उभी होते.

हो, राहिलंच: हायपोजियम व्हॅलेटात नाही, पाओला या दुसऱ्या गावात आहे. बसने जावं लागतं, वेळ हातात ठेवून निघा. आत फोटो काढू देत नाहीत.