छातीवरचा भोवरा

गेल्या जुलैत करवीर तालुक्यातल्या एका गावाहून एक वयस्क शेतकरी पोत्यात गुंडाळलेली सागवानी फळी घेऊन मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीवर आले. फळी त्यांच्या पाडलेल्या जुन्या घराच्या दाराची होती आणि ज्या कुत्र्याचे चित्र तिच्यावर हवे होते, तो बारा वर्षे त्याच दाराशी झोपत आला होता. कारवानी जातीचा, तांबूस अंगाचा, पांढऱ्या छातीचा. फोटो एकच होता, तोही तिन्हीसांजेला मोबाइलवर काढलेला.

लाकडावर काम करताना पहिल्या दिवशी मी रंगाला हात लावत नाही. फळीच्या रेषा कोणत्या दिशेने धावतात ते आधी पाहतो, कारण केसांची ठेवण त्या रेषांना आडवी गेली, तर पुढे कितीही बारीक ब्रश चालवला तरी डोळ्यांना खटकत राहते. मग 120, 220 आणि 320 नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवायचा, सागाच्या अंगचे तेल स्पिरिटच्या फडक्याने पुसायचे आणि मागची बाजू व कडा न विसरता बंद करायच्या. नाहीतर कोल्हापूरच्या पावसाळी हवेत एका अंगाने ओल शिरून फळी वाकते. या कुत्र्याचा रंग सागाच्या इतका जवळचा होता, की पाठ आणि कुशी मी जवळजवळ कोऱ्याच ठेवल्या आणि पातळ तपकिरी थरांनी फक्त सावल्या भरल्या.

चूक छातीपाशी झाली. तिथे चपडीचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, एकच हात देऊन, तो पुरता वाळण्याआधी मी पांढरा ॲक्रिलिक लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पिवळट तपकिरी डाग उमटले होते. रंगातले पाणी लाकडातला रस ओढून वर आणते, आणि वरून कितीही पांढरा चढवला तरी तो पुन्हा फुटतो. मी छाती खरवडून लाकडापर्यंत आणली.

नेमके त्याच दुपारी ते गृहस्थ आले. खरवडलेल्या जागेबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही. बराच वेळ डोळ्यांकडे पाहिले आणि मग छातीवर बोट ठेवले.

“पेंटर, हितं भोवरा हुता बगा. डाव्या अंगाला, रुपायाएवढा.”

बैल घेताना आधी भोवरे तपासणाऱ्या माणसाची ती नजर होती. अंधुक फोटोतून मला तो कधीच दिसला नसता. मी त्यांच्या हाती पेन्सिल दिली. थोडे संकोचून त्यांनी लाकडावरच केस कुठून कुठे वळत होते ते रेखून दाखवले.

त्या रेषा मी पुसल्या नाहीत. दमट हवेत चपडी पांढुरकी पडते, म्हणून उघडीप मिळेपर्यंत थांबलो, दोन हात दिले, मध्ये एकेक दिवस जाऊ दिला आणि मग राखाडी थरावर भोवऱ्याच्या मध्यापासून बाहेर एकेक पांढरा केस त्यांच्याच रेषांवरून ओढला. रुपयाएवढ्या त्या जागेला दोन दिवस लागले.

फळी न्यायला आले तेव्हा ती भिंतीवर टांगणार नसून नव्या घराच्या दाराशी, खाली जमिनीवर टेकवून ठेवणार असल्याचे त्यांनी सांगितले. मी त्यांना आणखी दोन दिवस थांबायला सांगून खालच्या कडेला वॉर्निशचा जादा हात दिला.